मिडी म्हणजे सुरांची चिठ्ठी

मिरवणुकीत तुम्ही कीबोर्ड ऐकला असेल. त्या एकाच वाद्यातून बासरी निघते, सनई निघते आणि ढोलकीसुद्धा निघते. संगणकावर तर अख्खे गाणे तयार करतात. हे कसे होते ते मी या लेखात सांगणार आहे. माझा मामा बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. त्याने मला दिवाळीच्या सुट्टीत बरेचसे शिकवले. राहिलेले बाईंनी समजावून दिले.

आधी आपल्या प्रार्थनेची पेटी आठवा. पट्टी दाबली की भात्यातली हवा आतल्या पितळी पत्तीजवळून जोरात जाते. पत्ती थरथरते आणि सूर निघतो. कीबोर्डाला भाता नाही आणि पत्तीही नाही. त्यात वीज थरथरते. ती थरथर स्पीकरचा पडदा हलवते, पडदा हवा हलवतो आणि आपल्या कानाला सूर ऐकू येतो. विजेपासून असा सूर तयार करणाऱ्या यंत्राला सिंथेसायझर म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट मूग नावाच्या माणसाने १९६४ साली असे एक यंत्र तयार केले. ते पुढे फार प्रसिद्ध झाले.

थरथर जितकी जलद तितका सूर उंच. एका सेकंदात ४४० वेळा थरथर झाली की पांढरी सहाचा सूर निघतो. ८८० वेळा झाली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो आणि २२० वेळा झाली की खालच्या सप्तकात येतो. म्हणजे दुप्पट केले की वर, निम्मे केले की खाली. गणित इथेही सुटत नाही!

पण सूर एकच असला तरी सनई आणि बासरी वेगळी का वाटते? सनईच्या सुरात बारीक बारीक उंच सूर पुष्कळ मिसळलेले असतात. बासरीत ते कमी असतात. म्हणून सिंथेसायझरमध्ये एक गाळणी असते. चहाची गाळणी चोथा अडवते, तशी ही गाळणी नको असलेले बारीक सूर अडवते.

दुसरी गोष्ट म्हणजे सूर कसा उठतो आणि कसा मावळतो. शाळेची घंटा वाजवून पाहा. टोला पडला की आवाज एकदम मोठा होतो आणि मग हळूहळू विरतो. पेटीचे तसे नाही. पट्टी दाबून धरली आणि भाता हलता ठेवला तर सूर टिकून राहतो. बोट उचलले की थांबतो. सिंथेसायझरवर आपण हे चार बटणांनी ठरवतो : किती वेळात चढायचे, किती उतरायचे, कुठे टिकायचे आणि बोट उचलल्यावर किती वेळात विरायचे. ही चार बटणे फिरवली की घंटेची पेटी होते आणि पेटीची घंटा होते.

आता मिडीकडे येऊ. मामाच्या कीबोर्डाच्या पाठीमागे पाच छिद्रांची दोन गोल भोके आहेत. एकावर ‘इन’ लिहिले आहे, दुसऱ्यावर ‘आउट’. ती मिडीची तार लावायची जागा. नव्या कीबोर्डांना बहुतेक वेळा यूएसबीची तार असते. पण दोन्ही तारांतून मिडी जाऊ शकते.

पूर्वी प्रत्येक कंपनीचे वाद्य जोडायची रीत वेगळी होती. जुन्या मोबाइलच्या चार्जरच्या पिना कशा एकमेकांना बसत नाहीत, तसेच. एका कंपनीच्या वाद्यावरून दुसऱ्या कंपनीचे वाद्य वाजवणे अवघड होते. तेव्हा अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी इतर कंपन्यांना बरोबर घेऊन सगळ्यांसाठी एकच भाषा ठरवायचे काम केले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर तारेने जोडले. एकावर वाजवले की दुसराही वाजू लागला! ही भाषा कुणीही वापरावी म्हणून त्यांनी तिचे पैसे घेतले नाहीत. म्हणून ती जगभर पसरली. त्या दोघांना २०१३ साली यासाठी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. २०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती ठरली, पण पहिलीही अजून चालते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नीट लक्ष द्या हं. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही! तारेतून फक्त चिठ्ठी जाते. चिठ्ठीत तीन आकडे असतात. पहिला आकडा सांगतो की पट्टी दाबली की सोडली, आणि ही चिठ्ठी कोणत्या घरी द्यायची. अशी १६ घरे असतात. एका घरी बासरी, दुसऱ्या घरी सनई, तिसऱ्या घरी तबला, असे आपण ठरवायचे. दुसरा आकडा सांगतो की कितवी पट्टी. तिसरा आकडा सांगतो की किती जोरात. जोराचे आकडे १२७ पर्यंत असतात. हळूच बोट टेकले तर २० किंवा ३०, जोरात मारले तर १२०. बस्स, एवढीच चिठ्ठी. ती पोचायला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो. चिठ्ठी वाचून आवाज काढायचे काम पलीकडच्या वाद्याचे किंवा संगणकाचे.

पट्ट्यांना ० पासून १२७ पर्यंत नंबर दिलेले आहेत. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६० नंबर. तिला सा धरले तर सरगम अशी होते :

सा ६०, रे ६२, ग ६४, म ६५, प ६७, ध ६९, नि ७१, वरचा सा ७२.

बघा, बाकी सगळीकडे दोन-दोनचे अंतर आहे, पण ग आणि म यांच्यात एकच आहे. नि आणि वरचा सा यांच्यातही एकच. म्हणूनच पेटीवर त्या दोन जागी काळी पट्टी नसते! मधले उरलेले आकडे काळ्या पट्ट्यांचे. ६१ म्हणजे कोमल रे.

संगणकावर या चिठ्ठ्या साठवून ठेवता येतात. त्यासाठी एलएमएमएस नावाची एक फुकट मिळणारी प्रणाली आहे. ती उघडली की गणिताच्या चौकटीच्या वहीसारखी घरे दिसतात. वर-खाली सूर आणि डावीकडून उजवीकडे वेळ. ज्या घरात आडवी पट्टी काढली तो सूर तेवढा वेळ वाजतो. जोडायला कीबोर्ड नसला तरी माउसने घरे भरता येतात. आपल्या प्रार्थनेची चाल आम्ही दोन तासांत भरली.

चिठ्ठ्या असल्यामुळे फार सोय होते. गाणे सावकाश करायचे तर चिठ्ठ्या फक्त लांब लांब ठेवायच्या. सूर खाली उतरत नाही. बासरीच्या जागी सनई हवी तर चिठ्ठ्या त्याच ठेवायच्या आणि वाचणारे वाद्य बदलायचे. एक सूर चुकला तर तेवढाच सरकवायचा. सगळे ठोके अगदी रेघेवर आणायचे एक बटणही असते. लेझीम बसवताना ते बरे पडते. पण मामा म्हणतो, “सगळंच रेघेवर आणलं तर ढोलकी शिलाई मशीनसारखी वाजती. थोडं मागंपुढं राहू दे. त्यातच वाजवणाऱ्याचा हात कळतो.”

आता ध्वनिमुद्रण म्हणजे काय ते सांगतो. हे मिडीपेक्षा अगदी वेगळे आहे. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन खरा आवाज पकडतो. सीडीच्या मापाप्रमाणे संगणक एका सेकंदात ४४,१०० वेळा त्या आवाजाचे माप घेतो आणि आकडा लिहितो. मिडीत एक सूर दाबल्याची चिठ्ठी तीन आकड्यांची, आणि इथे एका सेकंदाला चव्वेचाळीस हजार एकशे आकडे! म्हणून ध्वनिमुद्रणाला जागा जास्त लागते. ऑडॅसिटी नावाची प्रणाली त्यासाठी आहे. तीही फुकट मिळते. मोबाइलमध्येही ध्वनिमुद्रण होते.

मग कोणी विचारेल, मिडीला जागा कमी लागते, दुरुस्ती सोपी, तर ध्वनिमुद्रण कशाला पाहिजे? त्याचे उत्तर मला आजीच्या ओव्यांवरून समजले.

माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते. आता पीठ गिरणीत दळतात, त्यामुळे जाते कोपऱ्यात असते. पण हळद दळायची असली की आजी ओव्या म्हणते. मी मामाला विचारले, आजीच्या ओवीची मिडी करू या का? मामाने कीबोर्डावर चाल वाजवून दाखवली. चाल तीच होती, पण ती आजीची ओवी नव्हती. आजी एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते, ६२ आणि ६४ यांच्यामध्ये कुठेतरी थांबते. कीबोर्डाला सूर घसरवायचे एक चाक असते. त्याच्या चिठ्ठीत १६,३८४ बारीक पायऱ्या असतात. त्याने घसरण थोडी जमते. पण आजीचे शब्द, तिचा दम, मधेच माहेरच्या आठवणीने कापरा होणारा आवाज आणि मागची जात्याची घरघर, हे कोणत्या पट्टीवर दाबणार? चिठ्ठीत ते मावत नाही. ते ध्वनिमुद्रणातच राहते.

मागच्या वर्षी आमच्या आळीतल्या एक आजी वारल्या. त्यांना पुष्कळ ओव्या येत होत्या. त्या कोणी मुद्रित केल्या नव्हत्या. आता कितीही महाग यंत्र आणले तरी त्या ऐकता येणार नाहीत. मिडी केव्हाही करता येते, पण माणसाचा आवाज माणूस असेपर्यंतच घेता येतो.

हे काम मोठ्या माणसांनीही केले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी त्यांच्या सोबत्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. गाणाऱ्या बायकांचे आवाजही मुद्रित केले. त्यातल्या ओव्या आता ‘पारी’ नावाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात.

आपणही हे करू शकतो. मी आणि बाईंनी आजीच्या ओव्या घेतल्या तेव्हा या गोष्टी पाळल्या :

१. पंखा आणि टीव्ही बंद करावा. कोंबड्या ओरडल्या तर ओरडू द्याव्यात.

२. मोबाइल तोंडापासून दोन वीत अंतरावर ठेवावा. हातात धरू नये, खरखर येते.

३. सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलून घ्यावी. आधी त्यांना विचारूनच मुद्रण करावे.

४. ताल धरायला मशीन लावू नये. जात्याचाच ताल असतो. जाते फिरले की ओवी आपोआप आठवते.

५. मुद्रण दोन ठिकाणी ठेवावे. एक मोबाइलमध्ये आणि एक शाळेच्या संगणकावर.

आतापर्यंत आजीच्या ३७ ओव्या झाल्या आहेत. आजी म्हणते, “आजून लई हायेत, पर जातं फिरल्याबिगर सुचत न्हाईत.” म्हणून या आठवड्यात हळद दळायची आहे. ज्यांच्या घरी ओव्या, भारुडे किंवा भलरी म्हणणारे कोणी असेल त्यांनी बाईंना नाव सांगावे.

आणि आता तुमच्यासाठी एक कोडे. ६२ नंबरच्या पट्टीला सा धरले तर प कितव्या नंबरवर येईल? तो सूर एका सेकंदात किती वेळा थरथरेल?

(उत्तर : ६९ नंबरवर. ४४० वेळा.)

— इयत्ता चौथी