खडीच्या वाटेवरील शर्यत

पावसाळ्यात उचगावच्या पाणंदीतून ज्यांनी सायकल नेली असेल, त्यांना आजच्या विषयाची निम्मी माहिती आधीच आहे. चिखल चाकाबरोबर फिरत मडगार्डात भरतो आणि थोड्याच वेळात चाक फिरेनासे होते. शाळेची घंटा चुकू नये म्हणून मी कित्येकदा सायकल खांद्यावर घेऊन चाललो आहे. उत्तर अमेरिकेतील एका शर्यतीत नामांकित सायकलपटूंनाही हेच करावे लागते, हे वाचून मला मौज वाटली.

‘टूर डिव्हाइड’ हे तिचे नाव. ती दरवर्षी जून महिन्यात होते. कॅनडातील बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत रॉकी पर्वतातून सुमारे 4,400 किलोमीटर जावयाचे, आणि तेही बहुतांशी खडीच्या व मातीच्या वाटांनी. आपल्याकडे मार्कंडेयेचे पाणी घटप्रभेतून कृष्णेस मिळते आणि म्हादईचे पश्चिम समुद्रास. तिकडेही पाण्याची अशीच वाटणी करणारी पर्वताची धार आहे, व ती ही वाट पुनःपुन्हा ओलांडते. कोलोरॅडोतील इंडियाना खिंड सुमारे 3,630 मीटर उंच आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक.

खडीवर अरुंद, टणक टायर घसरतो. म्हणून येथे रुंद टायर घेऊन त्यात हवा कमी ठेवतात. तो किंचित दबतो व जमीन धरून ठेवतो.

परंतु खरी कसोटी नियमांत आहे. पुण्याहून गोव्यास जाणाऱ्या सुमारे 640 किलोमीटरच्या ‘डेक्कन क्लिफहँगर’ शर्यतीत एकट्या स्पर्धकामागे मदतनिसांची मोटार असते. ती शर्यत काही सोपी नव्हे. अमेरिका ओलांडणाऱ्या ‘रॅम’ शर्यतीची पात्रता तीतून मिळते, आणि 2017 साली ‘रॅम’ एकट्याने पूर्ण करणाऱ्या पहिल्या दोघा भारतीयांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ होते. ‘टूर डिव्हाइड’मध्ये मात्र मागे कोणी नाही. वाटेतील दुकानात कोणासही मिळेल ते विकत घ्यावे, पण मित्राने आणून दिलेली भाकरी चालत नाही. अंथरूण, हत्यारे, पंक्चरचे सामान, सारे सायकलवरच. घड्याळ रात्रीही थांबत नाही, त्यामुळे घेतलेली झोप हिशेबात धरली जाते. शेवटी बक्षीसही नाही!

इंग्लंडच्या माइक हॉलने 2016 साली हे अंतर चौदा दिवसांच्या आत कापले. तो त्या वेळचा उच्चांक होता. रोजचे तीनशे किलोमीटरांहून अधिक झाले. ज्याला रॉकीतील चिखल, थंडी व अस्वलांचे रान अडवू शकले नाही, तो 2017 च्या मार्चअखेरीस ऑस्ट्रेलियातील एका शर्यतीत, कॅनबेराजवळच्या डांबरी रस्त्यावर, पहाटे मोटारीच्या धडकेने गेला.

आमच्या गावची काही मुले वेंगुर्ले रस्त्याच्या कडेने सायकलवरून शाळेस येतात. चिखल असला, उशीर झाला, तरी पाणंदीनेच या, असे मी त्यांना सांगत असतो.