जोर वाढवला, मग तुटणार काय?

शेतकरी बंधूंनो, शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बैलगाडा उभा राहतो. मोटारींचीही अशीच एक सरळ धावेची शर्यत असते. तिला ड्रॅग रेस म्हणतात. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या आणि हिरवा दिवा लागला की सोडायच्या. अंतर पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. अमेरिकेत या खेळाची राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. आपल्या राज्यातही लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. हौशी मंडळी आपलीच गाडी घेऊन तिच्यात फेरफार करतात आणि पळवतात. याचा आपल्याशी काय संबंध, असे विचाराल. संबंध आहे, कारण ट्रॅक्टरचा पंप वाढवून घेणारे आपल्याकडे गावोगाव आहेत.

हौशी माणूस आधी इंजिनचा जोर वाढवतो. पहिल्याच शर्यतीत क्लच घसरतो. मग तो दणकट क्लच बसवतो. आता गिअरचे दात जातात, नाहीतर एक्सल पिळवटून तुटतो. जमीन घट्ट धरणारे टायर टाकले तर एक्सल आणखी लवकर तुटतो. असे का? टायर जागेवर फिरत होते तोवर झटका तेच सोसत होते. टायर घसरायचे थांबले की तो झटका सरळ आत जातो. थोडक्यात, जोर वाढवल्याने गाडी मजबूत होत नाही, तुटण्याची जागा फक्त पुढे सरकते.

ट्रॅक्टरचेही तसेच आहे. पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जाते. हवा मात्र तेवढीच राहते. काळा धूर निघतो, इंजिन तापते, हेड गॅस्केट आणि पिस्टनवर ताण येतो. चार दिवस ट्रॅक्टर जोरात ओढतो, खरे आहे. पण वाफसा आला आणि ट्रॅक्टर गॅरेजला पडला, तर पेरणी थांबते. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. सील तुटलेले दिसले की कंपनी वॉरंटीला हात वर करते, ते वेगळेच.

या खेळात ब्रॅकेट रेस नावाचा एक प्रकार आहे. आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते चालकाने आधीच सांगायचे. हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. सांगितल्यापेक्षा लवकर पोचलात तर सहसा बाद! म्हणून तिथे जुनी गाडीही जिंकते. रोज एकसारखी चालणारी गाडी ज्याच्याकडे, तो पुढे.

अशा चालकांच्या तीन सवयी आपण उचलाव्यात.

१) वही ठेवा. टायरची हवा, तेल कधी बदलले, काय दुरुस्त केले, सगळे तारखेनिशी लिहा.

२) एका वेळी एकच बदल करा. पंप, नोझल आणि फिल्टर एकदम हलवलेत, तर फरक कशाने पडला ते मिस्त्रीलाही सांगता येणार नाही.

३) तुटलेला भाग बदलून मोकळे होऊ नका. तो का तुटला ते पाहा. गिअरपेटीचे तेल काढल्यावर त्यात लोखंडाचा चुरा दिसतो का, ते आवर्जून बघा.

आणखी एक. गाडी बिघडली की शर्यतीचा चालक ती कडेला घेतो, तेल गाळत पुढे नेत नाही. मागच्याचा जीव त्या तेलावर घसरू शकतो. आपली उसाची ट्रॉली रात्री रस्त्यात बंद पडली, तर मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असलाच पाहिजे.

गावातल्या तरुणांना आणि पोलीस पाटलांना एक सांगणे. ही शर्यत बंद धावपट्टीवरची आहे, गावच्या डांबरी सडकेवरची नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीत बेकायदा फेरफार केला तर मालकाला वेगळी शिक्षा आहे.

तेव्हा पेरणीच्या तोंडावर मिस्त्रीकडे जाल तेव्हा "जोर वाढव" म्हणू नका. "हंगामभर बंद पडायला नको," एवढेच सांगा.