अडकणारी केबल

माळशेज घाटाचा पाऊस जवळच्या मढ गावात येतो, तसा जुन्या ओम्नीच्या ॲक्सिलरेटर केबलमध्येही शिरतो. केबल म्हणजे आवरणात सरकणारी पोलादी तारांची वेणी. पाण्याने ती गंजते. त्यात केबलला जितकी वळणं जास्त, तितकं घर्षण झपाट्याने वाढतं. मग पाय उचलला तरी कार्ब्युरेटरवरच्या स्प्रिंगला तार मागे ओढता येत नाही.

इंजिन बंद करून केबल दोन्ही टोकांना सोडवा, हाताने सरकवून पाहा. नुसती जड असेल तर पातळ तेल सोडा. ग्रीस फासायचा मोह अनेकांना होतो. त्यात धूळ मात्र छान चिकटते! एखादा धागा तुटला असेल तर केबल बदलाच.

घाटात अडकलीच, तर ब्रेक आणि क्लच दाबून न्यूट्रल करा. धावत्या गाडीत किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.