प्रवासपूर्व लसीकरण

परदेशी जाण्यापूर्वी तेथील संभाव्य रोगांपासून संरक्षण मिळावे म्हणून करून घेतलेले लसीकरण. काही लसी नियमाने सक्तीच्या असतात. बहुतेकींचा निर्णय मात्र प्रवाशाने वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावयाचा असतो. पीतज्वराची लस पहिल्या प्रकारची होय. हा रोग भारतात नाही. परंतु तो पसरविणारे ईडिस डास आहेत. म्हणून आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील पीतज्वरग्रस्त देशांतून येणाऱ्यांकडे, स्वदेशी परतणाऱ्या भारतीयांकडेही, लसीचा दाखला मागितला जातो. तो अंतःक्षेपणानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतो आणि २०१६ पासून आजन्म चालतो.

अलर्क रोगाच्या (रेबीजच्या) लसीची अशी सक्ती नाही आणि तेथेच निर्णय कठीण होतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुधा प्राणघातकच ठरतो. आगाऊ लस घेतल्यास श्वानदंशानंतर उपचार नकोत, हा समज घातक आहे. जखम साबण व पाण्याने १५ मिनिटे धुऊन लसीच्या आणखी मात्रा घ्याव्याच लागतात. फक्त प्रतिरक्षा-ग्लोब्युलिनाची गरज उरत नाही. लस न घेतलेल्या व्यक्तीस रक्त काढणारा दंश झाल्यास ते जखमेत टोचावे लागते आणि अनेक देशांत, विशेषतः मोठ्या शहरांबाहेर, ते दुर्मिळ असते. त्यामुळे केवळ देशाचे नाव पाहून भागत नाही. राजधानीत चार दिवस राहणाऱ्यापेक्षा दुर्गम भागात पायी हिंडणाऱ्यास, वटवाघळांच्या गुहांत शिरणाऱ्यास किंवा पशुवैद्यास लसीची निकड अधिक असते. लहान मुले तर ओरखडा झाल्याचे पुष्कळदा सांगतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ७ दिवसांच्या अंतराने दोन मात्रा पुरेशा मानल्या. म्हणजे प्रस्थानास आठवडा उरला असला, तरी ही लस पूर्ण होऊ शकते. पीतज्वराच्या दाखल्यास तेवढा अवधी अपुरा पडतो.