एका वेळी एकच चकती

चिपच्या कारखान्यात क्लीनरूमच्या बाजूने उभं राहिलं की यंत्राचा फक्त चेहरा दिसतो. खरं यंत्र भिंतीमागे असतं. सिलिकॉनच्या चकत्यांवर थर चढवणारं 'प्रिसिजन 5000' मी नीट पाहिलं ते तिथे, झाकण उघडलेलं असताना: मधोमध एक बैठं दालन, त्याच्याभोवती चार चेंबर आणि दालनात रोबोटचा एकच सडपातळ हात.

कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथल्या अप्लाइड मटेरियल्स कंपनीने हे यंत्र 1987 साली बाजारात आणलं. डेव्हिड वांग, डॅन मेदान आणि सॅसन सोमेख हे त्यामागचे प्रमुख अभियंते. बर्कलेत डॉक्टरेट केलेले वांग बेल लॅब्जमधून 1980 साली या कंपनीत आले होते.

तोवर ऑक्साइडचा थर चढवायचा तर चकत्यांची, म्हणजे वेफरची, अख्खी बॅच एकदम आत जायची. चकत्या 4 इंचांच्या होत्या तोवर हे निभावलं. त्या 6 आणि 8 इंचांच्या होऊ लागल्या तशी पंचाईत झाली. कडेपासून मध्यापर्यंत थर सारखा बसेना, आणि काही बिघडलं तर सगळी बॅच भंगारात. एकेक चकती घेतली तर थर सुधारेल, पण मग दिवसाचा माल निघणार किती?

त्यासाठी चेंबर लहान केलं. वर वायू सोडणारी भोकाभोकांची तबकडी, खाली चकती आणि दोन्हींत जेमतेम काही मिलिमीटरचं अंतर. दाब सुमारे 10 टॉर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. थर चढवणाऱ्या वायूच्या प्लाझ्मासाठी हा दाब भरपूरच. एवढ्याशा फटीत रेडिओ लहरींची ताकद दिली की थर झपाट्याने चढतो.

चकती आत घेण्याची रीत मी कितीही वेळ बघत राहू शकतो. रोबोटचं पातं चिंचोळ्या दारातून आत येतं. सिरॅमिकची बोटं खालून वर येऊन चकती कडेने उचलून धरतात, पातं मागे जातं, दार मिटतं. मग बोटांचा दुसरा संच तापलेली बैठक घेऊन वर येतो आणि दोन्ही संच एकमेकांच्या मधून, न भिडता, सरकतात. एखादं बोट केसभर खाली असलं तरी चकती तिरकी बसते आणि थर एका बाजूला जाड होतो. ऑक्साइडचा रंग जाडीप्रमाणे बदलतो. हिरव्या चकतीच्या कडेला जांभळी कोर दिसली, की जाडी मोजायला न थांबता मी आधी बोटांची लेव्हल बघायला घ्यायचो.

थर फक्त चकतीवर बसत नाही, भिंतींवरही बसतो आणि मग त्याचे पोपडे सुटतात. हातानं साफ करायचं तर चेंबर थंड होऊ द्या, आत हवा सोडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ओ-रिंग बदला, पुन्हा पंप लावा, हेलियमने लीक तपासा. पाळी त्यातच जाते. या यंत्रात चकती बाहेर गेली की फ्लोरीन असलेला वायू सोडून प्लाझ्मा पेटवतात. भिंतींवरच्या ऑक्साइडचा वायू होतो आणि तो पंप ओढून नेतो. चेंबर हातानं उघडायची वेळ तरीही येते, पण पुष्कळ चकत्यांनंतर. मला विचाराल तर वांग, मेदान आणि सोमेख यांची सगळ्यात मोठी कामगिरी हीच. एकेक चकतीचा हिशोब जुळला तो या सफाईमुळे.

चार चेंबरांचा खरा उपयोग अरुंद चर भरताना होतो. धातूच्या दोन तारांमधल्या चरात ऑक्साइड भरायला गेलं की वरचं तोंड आधी मिटतं आणि आत पोकळी राहते. म्हणून एका चेंबरात थोडा थर द्यायचा, शेजारच्या चेंबरात आर्गॉनच्या माऱ्याने चराच्या कडा तासून उतरत्या करायच्या आणि पुन्हा पहिल्या चेंबरात आणून उरलेला थर चढवायचा. या ये-जा करण्यात चकतीला बाहेरची हवा लागत नाही. ओलावा नाही, धुळीचा कण नाही.

या बहुचेंबरी रचनेचं अमेरिकी पेटंट 1990 साली मिळालं. त्याच वर्षी धातूचे थर देणारं कंपनीचं 'एंड्युरा' यंत्र आलं. त्याला याहून कितीतरी कडक निर्वात लागतो, पण मांडणी तीच: मध्ये रोबोट, भोवती चेंबर.