लोकरीचे मेण आणि जिवाणूंची पचनशक्ती

मार्गशीर्ष उजाडला, की सोनागिरीच्या वसाहतीत ट्रंकांतून स्वेटर, शाली, मफलर बाहेर पडतात. भोपाळच्या गारठ्यात ही ऊब हवीहवीशी वाटते. परंतु तीच लोकर मेंढीच्या अंगावरून उतरली तेव्हा किती मेणचट होती, याची आपणांस कल्पना नसते.

मेंढीच्या कातडीतून स्रवणारे मेण लोकरीला पावसापासून जपते. आपल्या धनगरांच्या घोंगडीतील जाड लोकरीत त्याचा अंश थोडा. पण मेरिनो मेंढीच्या तलम लोकरीत तो वजनाच्या १० ते २५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. ही लोकर साबण वा तत्सम द्रव्य घातलेल्या, सुमारे ६० अंश तापलेल्या पाण्यातून टप्प्याटप्प्याने धुतात. मेण, घामाचे क्षार, माती सारे पाण्यात उतरते. ते पाणी तसेच नदीत सोडले, तर तेथील प्राणवायू संपून मासे गुदमरतात.

मग ते थेट जिवाणूंच्या हवाली का करू नये? १९१४ साली मँचेस्टर येथील आर्डर्न आणि लॉकेट यांनी, हवा खेळवलेल्या जिवाणूयुक्त गाळाने सांडपाणी शुद्ध करण्याची रीत जगापुढे मांडली. परंतु लोकरीचा हा स्निग्धांश तुपातेलासारखा नव्हे. तो रचनेने खरोखरीचे मेण असल्याने जिवाणूंना पचावयास फार वेळ लागतो. शिवाय गार होताच तो गाळाला चिकटतो. गाळ तळाशी न बसता तरंगू लागतो आणि जिवाणूच पाण्याबरोबर वाहून जातात.

म्हणून येथे क्रमास महत्त्व आहे. दुधातून साय वेगळी करणाऱ्या यंत्राप्रमाणे वेगाने फिरणाऱ्या यंत्राने आधी मेण काढून घ्यावे. १८८२ साली लीब्राइख आणि ब्राउन यांनी जर्मनीत यापासूनच लॅनोलिन सिद्ध केले. ते आज मलमांतून आपल्या घरी येते. उरलेल्या मेणाचा बराच भाग आम्ल किंवा तुरटी घालून साकळवावा. त्यानंतर ते पाणी प्रथम हवाबंद आणि मग हवेशीर टाकीत जिवाणूंकडे सोपवावे.

आपल्या मोरीचा न्यायही निराळा नाही. तळणाची कढई घासण्यापूर्वी तिचे तेल जुन्या कागदाने पुसून घेतले, तर नळी तुंबत नाही आणि पुढे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचा भारही तेवढाच हलका होतो.