घर एकास द्यावें, कीं खोल्या अनेकांस?

रिकामें घर एकाच बिऱ्हाडास द्यावें, कीं एकेक खोली निरनिराळ्या माणसांस द्यावी, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या पुष्कळ कुटुंबांपुढें असतो. वाड्यांत व चाळींत खोलीवार बिऱ्हाडें ठेवण्याची वहिवाट जुनीच आहे. पण तेथील खोली म्हणजे स्वतःची चूल असलेलें स्वतंत्र घरच असे. आजच्या सदनिकेंत खोल्या तीन असल्या तरी स्वयंपाकघर एक आणि बाहेरचें दार एक. सारा फरक येथूनच उत्पन्न होतो.

प्रथम हिशेब पाहूं. समजा, सबंध घरास दरमहा ३०,००० रुपये येतात आणि खोल्या वेगळ्या दिल्यास प्रत्येकीस १२,०००. वर्षाकांठीं ३,६०,००० च्या जागीं ४,३२,००० दिसतात. म्हणजे लाभ ७२,००० रुपयांचा. परंतु प्रत्येक खोली वर्षांतून दोनच महिने रिकामी राहिली कीं हा लाभ सरला. वीज, पाणी, झाडलोट हा खर्चहि बहुधा मालकाकडेच येतो. उलट, सबंध घर रिकामें पडलें तर सारेंच उत्पन्न थांबतें. खोल्या दिल्या असतां एक गेला तरी दोघांचें भाडें चालू राहतें.

याहून महत्त्वाची गोष्ट जबाबदारीची. तिघे मित्र एकाच करारावर सह्या करून एकत्रितपणें व व्यक्तिशः जबाबदारी पत्करतात, तेव्हां एक निघून गेला तरी पूर्ण भाडें उरलेल्यांकडून मागतां येतें. नवा सोबती शोधण्याची यातायात त्यांची. खोलीवार दिल्यास ती मालकाची होते, आणि ओट्यावरचीं भांडीं कोणीं उचलावीं हा तंटाहि त्याच्याच दारीं येतो. जादा भाडें हें पुष्कळ अंशीं या श्रमांचेंच वेतन होय.

कायदा मात्र दोन्ही पक्षीं सारखाच आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी व नोंदलेला असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. तसा करार नसल्यास अटींविषयीं राहणाराचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. ‘एकच तर खोली आहे’ म्हणून तोंडी बोलीवर भागविणें म्हणूनच धोक्याचें. कोणती खोली, स्वयंपाकघराचा वापर किती, विजेचा वाटा कसा, हें स्वच्छ लिहावें. राहणारानेंहि आपलें नांव करारांत असल्याची खात्री करावी. सोबत्याच्या नांवावर राहणाराचा पाया कच्चा असतो.

ज्यास जवळ राहून रोज लक्ष घालतां येतें, त्यानें खोल्या द्याव्या. परगांवीं असणारानें थोडें कमी घेऊन सबंध घर द्यावें, हेंच हिताचें.